मंडळीच्या (म्हणजे चर्चच्या) कामात विरोध होत असताना विश्वासू राहायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

सलाम ताई.

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही शब्बाथ शाळेत, म्हणजे मुलांच्या रविवारच्या बायबल-वर्गात शिकवता, यंदा मंडळीच्या खजिनदार झालात, दानाच्या मोजणीचा हिशोब लिहून ठेवायला लागलात आणि तेव्हापासून जुने कमिटी मेंबर बोलेनासे झालेत. ‘कालची पोर आम्हाला शिकवते’ हे तुमच्या कानावर आलंय. घरचे म्हणतात, कशाला उगाच वैर घेतेस. आणि तुम्ही विचारता, विश्वासू राहायचं म्हणजे गप्प बसायचं, भांडायचं, की दुसऱ्या चर्चमध्ये जायचं?

मी नगर जिल्ह्यातल्या एका गावच्या मंडळीत अकरा वर्षं खजिनदार होते. शाळेत नोकरी आणि रविवारी ही दानाची पेटी. त्यामुळे तुमचं दुखणं मला नवीन नाही. जे सांगते ते मला ठेच लागून कळलेलं आहे.

पहिल्या वर्षी मी एक चूक केली. आमच्याकडे हंगामाच्या सणाला भोपळे, कणसं, अंडी, गावठी कोंबड्या येतात आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. लोक हौसेनं बोली वाढवतात, नाव लावतात आणि पैसे नंतर देतो म्हणतात. हे ‘नंतर’ वर्षानुवर्षं वहीत पडून होतं. मी नवी, तडफदार. एका रविवारी उपासनेतल्या जाहिरातींच्या, म्हणजे सूचनांच्या वेळी मी उभी राहिले आणि थकबाकीची यादी नावानिशी वाचून दाखवली. चौथं की पाचवं नाव एका म्हाताऱ्या मावशींचं होतं. एका भोपळ्याचे 340 रुपये. त्या बायकांच्या बाजूला दुसऱ्या ओळीत बसल्या होत्या. त्यांनी पदर डोक्यावरून पुढे ओढला, चपला हातात घेतल्या आणि आशीर्वाद व्हायच्या आधीच बाहेर गेल्या.

पुढच्या आठवड्यात अर्धी मंडळी माझ्यावर चिडली. आणि मी घरी बसून स्वतःची समजूत घालत होते, की सत्यासाठी छळ होतोय, प्रभूचाही झाला होता.

मला सावरलं आमच्या पाळकीणबाईंनी. त्या आल्या, चहा घेतला आणि बायबलमधलं पहिलं पेत्र (प्रेषित पेत्राचं पहिलं पत्र), चौथा अध्याय काढून माझ्यापुढे ठेवला. ख्रिस्ती म्हणून दुःख सोसावं लागलं तर लाजू नका, असं पेत्र सांगतो, हे मला पाठ होतं. त्याच्या आधीचं वचन मात्र मी कधी थांबून वाचलं नव्हतं. तिथं तो म्हणतो, तुमच्यापैकी कोणी खुनी, चोर, दुष्कर्मी म्हणून दुःख सोसू नये. आणि त्याच यादीत शेवटी दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ करणाराही आहे. खुन्याच्या पंगतीत ढवळाढवळ करणारा! मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातही आशीर्वाद सरसकट प्रत्येक शिव्या खाणाऱ्याला नाही. लोक ‘लबाडीने’ वाईट बोलत असतील आणि ते ‘माझ्यामुळे’ असेल, तरच. माझ्याबद्दल लोक जे बोलत होते ते खोटं नव्हतं, आणि ते ख्रिस्तामुळेही नव्हतं. मी एका विधवेला चारचौघांत लाजवलं होतं.

संध्याकाळी मावशींकडे गेले. त्या चुलीपुढे भाकरी थापत होत्या. मला बसायलाही म्हणाल्या नाहीत. दोन भाकऱ्या झाल्यावर एवढंच म्हणाल्या, ‘घरी येऊन मागितले असतेस तर पोराला विचारलं असतं. भोपळा त्यानं नेला होता.’ मी माफी मागितली. पुढच्या रविवारी उभी राहून सगळ्यांसमोरही मागितली, कारण लाजवलं सगळ्यांसमोर होतं.

हे सगळं लांबण लावून सांगितलं, कारण त्या वर्षी माझ्याविरुद्ध एकच ओरड नव्हती, दोन होत्या आणि मी त्यांची गल्लत केली होती. एक ओरड यादी वाचल्याबद्दल. दुसरी, दानाची मोजणी दोघांनी करावी आणि दोघांनी वहीत सही करावी, असा मी हट्ट धरला त्याबद्दल. पहिली ओरड खरी होती, तिथं मी मागे हटले. दुसरीवर हटले नाही. ताई, विरोधात विश्वासू राहणं मला तरी एवढ्याच कामात सापडलं: सोडायचं काय आणि धरायचं काय, हे आधी वेगळं करणं. सगळंच धरून बसलो तर तो हेका होतो. सगळंच सोडलं तर ज्यानं काम सोपवलं त्याच्याशी बेइमानी.

बायबलमधलं नहेम्याचं पुस्तक तुम्ही मुलांना शिकवलं असेल. यरुशलेमेचा कोट 52 दिवसांत बांधला, सनबल्लट आणि तोबीया आडवे आले, एका हातात काम आणि दुसऱ्या हातात हत्यार, हे मुलांना फार आवडतं. पण पाचवा अध्याय आपण घाईत उरकतो. कोट अर्धवट असताना गरीब लोक ओरड करत आले, की आमची शेतं गहाण पडलीत, पोरं गुलामीत जातायत आणि व्याज घेणारे आपलेच भाऊबंद आहेत. नहेम्या असं म्हणत नाही, की आत्ता काम मोठं चाललंय, तक्रारी नंतर बघू. तो पुढाऱ्यांना धारेवर धरतो आणि त्याच दमात कबूल करतो, की मी आणि माझी माणसंसुद्धा पैसे आणि धान्य उसनं देतो आहोत, चला, हे सोडून देऊ. इथं तो नमला. पुढच्याच अध्यायात सनबल्लट आणि गेशेम त्याला चार वेळा भेटीला बोलावतात, आणि चारही वेळा उत्तर एकच: मी मोठ्या कामात आहे, मला येता येत नाही. पाचव्यांदा उघडं पत्र येतं, तू बंड करणार आहेस, राजा होणार आहेस. त्यावर त्याचं उत्तर एका वाक्याचं: तू म्हणतोस तसं काहीही नाही, हे तुझ्या मनानं रचलेलं आहे. मग प्रार्थना, आणि परत काम. ना सभा बोलावली, ना यहूदाभर खुलासे पाठवले.

माझ्याविरुद्धही वरिष्ठांकडे निनावी अर्ज गेला होता. त्याला मी एकदाच लेखी उत्तर दिलं, वहीच्या पानांच्या झेरॉक्स जोडून. नंतर त्यावर कुणी काही विचारलं तर ‘उत्तर दिलेलं आहे, कमिटीकडे आहे’ एवढंच म्हणायचे. कृपा करून मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर स्वतःची बाजू मांडू नका. रात्री अकराला लिहिलेला खुलासा सकाळी सात घरांत सात तऱ्हेनं वाचला जातो.

आपल्याच मातीतलं उदाहरण हवं असेल तर पंडिता रमाबाईंचं घ्या. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. 1889 मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन, म्हणजे विधवा आणि मुलींसाठी शाळा-वसतिगृह काढलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. सदनात धर्म शिकवणार नाही, मुलींनी आपापले आचार पाळावेत, असा शब्द दिला होता. तो त्यांनी पाळला आणि वर्गात ख्रिस्ती शिकवण घातली नाही. पण स्वतःच्या खोलीत त्या लेकीबरोबर प्रार्थना करत, तेव्हा खोलीचं दार उघडं असे. मुली आपणहून येऊन बसू लागल्या आणि पुण्यात गहजब झाला. ‘केसरी’नं टीकेची झोड उठवली. 1893 मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉक्टर भांडारकर यांच्यासारखी माणसं सल्लागार मंडळातून बाहेर पडली, आणि वीस-पंचवीस मुलींना पालकांनी काढून नेलं. दार लावून घेतलं असतं तर कदाचित सगळं निभावलं असतं. त्यांनी ते लावलं नाही, आणि कुणाला ओढून आतही नेलं नाही. वर्गातला शब्द पाळला आणि खोलीचं दार उघडं ठेवलं. मला त्यांची ही रेघ फार नेमकी वाटते.

आणि हेही बघा, की रमाबाईंना विरोध फक्त हिंदू समाजातून झाला नाही. ज्यांच्याकडे राहत असताना त्यांचा बाप्तिस्मा झाला त्या इंग्लंडमधल्या वाँटेजच्या सिस्टर्सनाही (ख्रिस्ती जोगिणींनाही) त्या हेकट आणि गर्विष्ठ वाटत, कारण मंडळीची शिकवण त्या प्रश्न विचारल्याशिवाय गिळत नव्हत्या. आपल्या माणसांचा विरोध जास्त लागतो, तो असा. बाहेरच्यानं नाव ठेवलं तर आपण प्रार्थनासभेत सांगू शकतो. जो प्रार्थनासभेत शेजारी गुडघे टेकतो त्यानंच नाव ठेवलं तर कुठे सांगणार?

घरच्यांबद्दल थोडक्यात लिहिते. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 मध्ये मुंबईत झाला, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर नव्हत्या. काही वर्षं दोघं वेगळी राहिली, आणि लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा 1900 मध्ये झाला, तोही जातपात, शिवाशिव या सगळ्याचा स्वतःच्या डोक्यानं विचार करून. टिळकांनी आपला विश्वास सोडला नाही आणि बायकोला फरफटतही नेलं नाही. तुमच्या घरचे तर विश्वासातलेच आहेत, फक्त घाबरलेत. त्यांना शत्रू धरू नका. रोज रात्री जेवताना कमिटीतलं भांडण ताटात वाढू नका. मी ते करायचे, आणि माझ्या मुलांना बरीच वर्षं चर्च म्हटलं की माझा चढलेला आवाजच आठवायचा. त्याची मला अजून टोचणी आहे.

आता तुमचा मूळ प्रश्न, गप्प बसायचं का. नेहमी नाही. फिलिप्पै शहरात प्रेषित पौल आणि त्याचा सोबती सीला यांना फटके मारून तुरुंगात टाकलं, आणि दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांनी निरोप पाठवला, की निघून जा. पौल गुपचूप गेला नाही. आम्ही रोमी नागरिक, चौकशीवाचून आम्हाला उघड्यावर मारलंत आणि आता गुपचूप घालवता? स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्या, असं त्यानं सांगितलं. तुरुंगात रात्री स्तोत्रं म्हणणारा तोच आणि सकाळी हक्क सांगणाराही तोच. तेव्हा तुम्हाला कोणी धमकी दिली, अंगावर आलं, तर ते ‘सोसण्यात’ धरू नका. लेखी तक्रार करा, पोलिसांत जावं लागलं तर जा. चोरी, मारहाण किंवा बाईमाणसाला त्रास झाकणं याला मंडळीची अब्रू राखणं म्हणत नाहीत.

मंडळी सोडायची का? पद आणि मंडळी यांत फरक करा. तुम्ही न मोजलेल्या पैशांवर किंवा तुम्हाला खोट्या ठाऊक असलेल्या आकड्यांवर सही मागितली, तर सही करू नका. आणि त्यावरून तुम्हाला काढायला निघाले तर राजीनामा द्या, पण वह्या, पावत्या, शिल्लक रक्कम सगळं मोजून ताब्यात देऊन त्याची पोच घ्या. राजीनाम्यानंतरच्या रविवारी मात्र त्याच बाकावर जाऊन बसा. हे जमायला फार जड जातं, मला माहीत आहे. शब्बाथ शाळा तर अजिबात सोडू नका. दावीद आणि गल्याथाची गोष्ट ऐकायला येणाऱ्या त्या पोरांना कमिटीत काय चाललंय याच्याशी काही देणंघेणं नाही.

शेवटी एक व्यवहारातलं सांगते, तुम्हाला या रविवारपासून करता येईल असं. मोजणी उपासना संपल्या संपल्या, चर्चच्या आवारातच करा. पेटी कधीही घरी नेऊ नका, एक रात्रसुद्धा. पैसे जागेवरून हलायच्या आधी सह्या झाल्या पाहिजेत. आणि दुसरी सही आपल्या मैत्रिणीची नको. जो तुमच्यावर सगळ्यात जास्त संशय घेतो त्यालाच मोजायला बोलवा.

मी तेच केलं. निनावी अर्ज ज्यांनी लिहिला असावा असं मला वाटत होतं, त्यांचंच नाव मी कमिटीत सुचवलं. ते सहा वर्षं माझ्यासमोर टेबलाच्या पलीकडे बसले. चष्मा कपाळावर, बोट ओल्या स्पंजला लावून दहाच्या नोटा दोनदा मोजायचे, मग चिल्लर, मग पाकिटं. एकदा माझ्या बेरजेत वीस रुपयांचा फरक आला तर त्यांनी काही न बोलता वही फिरवून माझ्याकडे सरकवली आणि आकड्याखाली पेन टेकवलं. चूक माझीच होती. आमचं सूत कधी जुळलं नाही, सणालाही आम्ही एकमेकांच्या घरी गेलो नाही. पण नंतर आणखी एक अर्ज गेला आणि वरून विचारणा झाली, तेव्हा ‘मोजताना मी समोर होतो’ असं लिहून देणारे तेच होते.