लहानपणी घरात मारहाण बघितली असेल तर मोठेपणी पोट भरलेलं असूनही खात राहतो, असं होऊ शकतं का?

हो, होऊ शकतं. तुम्ही लिहिलंय की भूक नसते तरी सगळे झोपले की स्वयंपाकघरात जाऊन खाता आणि मग स्वतःचाच राग येतो. तो राग आधी सोडा, प्लीज.

आमच्या कोथरूडच्या घरी वडील पिऊन आले की नेमकं जेवतानाच सुरू व्हायचं, त्यामुळे ताट भिरकावलं जायच्या आत मी आणि भाऊ पटापट गिळून उठायचो, चावणं वगैरे काही नाही. बाहेर आवाज वाढला की आतल्या खोलीत चिवड्याचा डबा घेऊन बसायचो. आज भाऊ हिंजवडीत चांगल्या नोकरीला आहे, पण ऑफिसमध्ये कोणी आवाज चढवला की त्या दिवशी येताना गाडी थांबवून वडापाव, क्रीमरोल, जे मिळेल ते उभ्याउभ्या संपवतो, एक घास तोंडात असतानाच दुसरा हातात. चव कशी होती विचारलं तर सांगता येत नाही त्याला.

पोर सतत धास्तीत वाढलं की शरीर कायम सावधच राहायला शिकतं, मग मोठेपणी साध्या टेन्शनलाही कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन वाढू शकतं आणि गोड-तळलेलं खावंसं वाटतं. खाल्लं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं आणि मेंदू ते धरून ठेवतो. लहान मुलाला घर सोडून जाता येत नाही, कोणाला सांगता येत नाही, हाताशी खाणंच असतं.

अमेरिकेत सॅन डिएगोला १९८५ च्या सुमारास डॉ. व्हिन्सेंट फेलिटींच्या वजन कमी करायच्या क्लिनिकमधून, ज्यांचं वजन छान उतरत होतं तेच लोक मधे सोडून जायला लागले. बोलल्यावर कळलं की त्यातल्या बऱ्याच जणांवर लहानपणी लैंगिक अत्याचार झालेले, काहींना तर जाड असणंच सेफ वाटायचं. त्यातूनच पुढे १७ हजारांहून जास्त लोकांचा अभ्यास झाला, त्याचे पहिले निष्कर्ष १९९८ ला छापून आले, आणि लहानपणी असं जितकं जास्त सोसलेलं तितका पुढे लठ्ठपणा, व्यसनं, डिप्रेशन यांचा धोका जास्त असं दिसलं. सगळ्यांचंच असं होतं असं नाही हां.

म्हणून कडक डाएट आणि उपास लगेच सुरू करू नका, दिवसभर उपाशी राहिलं की रात्री ताबा अजून सुटतो. नाश्ता, जेवण, संध्याकाळचं खाणं वेळेवर घ्या, थायरॉइड-शुगर एकदा बघून घ्या, आणि ट्रॉमावर काम करणारा काउन्सेलर गाठा, नुसता डाएटिशियन नको. लगेच कोणाशी बोलायचं असेल तर सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, नंबर १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतात. आणि घरात कोणी तुमच्या ताटाकडे बघून "अजून घेतेस?" म्हणत असेल तर त्यांना स्पष्ट सांगा की जेवताना हा विषय नको.