एन्सेलाडसच्या संशोधनासाठी जर्मनीत यावे का?

शनीच्या एन्सेलाडस या चंद्रावर काम करण्यासाठी जर्मनीत दोन वर्षांची पोस्टडॉक, म्हणजे डॉक्टरेटनंतरची संशोधनाची नोकरी, मिळते आहे, पत्नी आणि आठ वर्षांची मुलगी बरोबर येणार आहेत, तर यावे की नाही, असे तुम्ही विचारले आहे. व्हिसा, आरोग्य विमा, बँक खाते यांची माहिती दूतावासाच्या संकेतस्थळावर नीट मिळते, म्हणून ती इथे देत नाही. मी याच विषयात बरीच वर्षे इथे आहे आणि तुमचा प्रश्न वाचल्यापासून मला स्वस्थता नाही, त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

आपल्या विषयाचा काळ आणि आपल्या कराराचा काळ यांचा मेळ बसत नाही, हे सर्वांत आधी ध्यानात घ्या. कॅसिनी यान 1997 साली निघाले, 2004 साली शनीपाशी पोहोचले आणि 2017 साली शनीच्या वातावरणात शिरून नष्ट झाले. 2008 साली ते एन्सेलाडसजवळून सेकंदाला सुमारे 18 किलोमीटर वेगाने गेले, तेव्हा त्याच्या धूलिकण-विश्लेषकावर आदळलेल्या, त्या चंद्राच्या फवाऱ्यांतून नुकत्याच उडालेल्या हिमकणांमधील सेंद्रिय रेणूंविषयीचा शोधनिबंध 2025 साली प्रसिद्ध झाला. ज्यूस यान 2023 साली निघाले असून ते 2031 साली गुरूपाशी पोहोचेल. इथल्या कायद्यानुसार मात्र डॉक्टरेटनंतर ठरावीक मुदतीच्या करारांवर साधारण सहाच वर्षे राहता येते, मूल असल्यास थोडी अधिक, आणि तीही बहुधा तुकड्यातुकड्यांनी.

निवास परवानाही कराराच्या मुदतीलाच बांधलेला असतो. प्रत्येक नूतनीकरणाच्या वेळी आमची फाइल कुठल्या ना कुठल्या कागदावर अडली. मुलाच्या जन्मदाखल्यावर त्याचे नाव नव्हते, कारण आपल्याकडे बारशाआधी झालेल्या नोंदीत ते अनेकदा नसते. लग्नाच्या दाखल्यावर माझे माहेरचे नाव होते आणि पासपोर्टवर सासरचे. ती दोन्ही नावे एकाच बाईची आहेत आणि तो दाखला तिच्याच मुलाचा आहे, हे पटवताना खिडकीपलीकडच्या कर्मचाऱ्याने माझ्याकडे ज्या संशयाने पाहिले, ते आठवले की आजही राग येतो. मुलीचा नाव घातलेला जन्मदाखला निघण्यापूर्वीच करून घ्या.

तरीही मी राहिले, ते कामासाठी. प्रयोगशाळेत आम्ही केसाहून बारीक पाण्याची धार निर्वात पोकळीत सोडतो आणि तिच्यावर अवरक्त लेसरचा झटका देतो, म्हणजे यानावर हिमकण आदळल्यावर जे घडते त्याची नक्कल होते. सुट्या झालेल्या आयनांच्या वस्तुमानांचा आलेख काढला, तर शुद्ध पाण्यासाठी 19, 37 आणि 55 या वस्तुमानांवर शिखरे उमटतात. त्यात मीठ घातले की सोडियमची 23, 41, 59 अशी वेगळी रांग उभी राहते. एन्सेलाडसवरून उडालेल्या हिमकणांनी बनलेल्या शनीच्या ई कड्यातील काही कणांमध्ये हीच दुसरी रांग सापडली, आणि जेमतेम 500 किलोमीटर व्यासाच्या त्या चंद्राच्या बर्फाखाली खडकाला भिडलेले खारे पाणी आहे, हे त्यावरून कळले. ही रांग पडद्यावर दिसली की मला अजूनही कृतार्थ वाटते.

एकटेपणाबद्दल विशेष लिहीत नाही. तो असतो, गणपतीत मंडळात माणसे भेटतात, दिवस जातात.

शाळेचे मात्र तसे नाही. मुलगा तिसरीत असताना माझा करार संपला आणि आम्हाला दुसऱ्या राज्यात जावे लागले. तिथे चौथीनंतरच मुलांची वेगवेगळ्या शाळांमध्ये विभागणी होत असे. नव्या शाळेतल्या बाई म्हणाल्या की तो गणितात हुशार आहे, पण भाषा कच्ची आहे, तेव्हा घरी जर्मन बोलत जा. आणि गिम्नाझियमची, म्हणजे विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेची, शिफारस त्यांनी केली नाही. आम्ही घरी मराठीच बोलत राहिलो. पुढे तो स्वतःच्या कष्टाने गिम्नाझियममध्ये पोहोचला, परंतु मराठी सोडली असती तर त्याची ती वर्षे सोपी गेली असती का, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. माझ्या संशोधनाची किंमत त्याने मोजली, असे मला वाटते, आणि हे मी त्याच्याशी कधी बोललेले नाही.

तुमची मुलगी आल्यावर बहुधा तिसरीत बसेल, म्हणून सही करण्यापूर्वी संस्था कोणत्या राज्यात आहे ते पाहा. बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गमध्ये प्राथमिक शाळा सहावीपर्यंत असते, तिथे तिला भाषेसाठी उसंत मिळेल. इतरत्र असेल, तर करार किमान तीन वर्षांचा करून लेखी मागा. तो मिळत नसेल, तर कॅसिनीची सारी मोजमापे सर्वांना खुली आहेत आणि त्यांवर भारतातूनही चांगले काम होऊ शकते. 1977 साली युरेनसची कडी ज्या तारा-पिधानामुळे (ग्रहाआड तारा झाकला जाण्यामुळे) उघड झाली, त्याचे वेध आपल्या कावलूरच्या वेधशाळेतूनही घेतले गेले होते.