बारा जण 'येतो' म्हणतात, सात येतात

प्रश्न : आम्ही कर्वेनगर-वारजे भागातले पंधरा-सोळा जण दर रविवारी सकाळी एका शाळेच्या मैदानावर अल्टिमेट फ्रिस्बी (तबकडी, म्हणजे डिस्क, एकमेकांकडे फेकत खेळायचा सांघिक खेळ) खेळतो. जून लागला की मैदानाचा चिखल होतो आणि खेळ थेट सप्टेंबरपर्यंत बंद. काही जण म्हणतात, बॅडमिंटनचा हॉल घेऊ. मला ते पटत नाही, पण चार महिने घरी बसणंही नको वाटतं. शिवाय ग्रुपवर 'येतो' म्हणणारे बारा आणि येणारे सात, यावर काही इलाज? – नि. कु., कर्वेनगर

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण हॉलचं गणित त्यावरच बसतं. सहकारनगरच्या आमच्या सरावाची हजेरी मी नऊ वर्षं वहीत लिहितेय. तुमच्यासारखेच बारा-सातचे हिशेब आहेत त्यात. पहिल्या पावसाळ्यात मी उत्साहाने हॉल घेतला, आलो पाचजण, आणि भाडं गेलं माझ्या पाकिटातून. तेव्हापासून वर्गणी महिन्याच्या सुरुवातीला, आलात तरी आणि नाही आलात तरी. पैसे भरलेला माणूस अंथरुणातून उठतो.

दुसरं, कोणासाठी थांबू नका. सातला म्हणजे सातला. पाच असाल तर फेकाफेकी आणि मार्किंग (डिस्कवाल्यासमोर उभं राहून त्याची फेक अडवणं), आठ असाल तर चार-चार, चौदा झाले की पूर्ण सात-सात. उशिरा येणाऱ्याला खेळ सुरू झालेला दिसला पाहिजे. (जानेवारीत मात्र साडेसातला भेटा. सातच्या सुमाराला सूर्य उगवत असतो, तेव्हा डिस्क दिसत नाही आणि बोटं आखडलेली असतात.)

आता हॉल. तुम्हाला पटत नाही, ते अर्धं बरोबर आहे. पूर्ण मैदान १०० मीटर लांब आणि ३७ मीटर रुंद असतं. बॅडमिंटनचं एक कोर्ट जेमतेम साडेतेरा मीटर लांब. तीन कोर्टांची जाळी काढलीत तरी चार-चारच्या वर गर्दी होते. लांब फेक संपली, भिंत हातभर अंतरावर असल्यामुळे झेप संपली. आमच्या एका पोराने हॅमर (डोक्यावरून उलटी फेक) टाकला तो थेट ट्यूबलाइटवर. त्या हॉलवाल्याने आम्हाला पुन्हा दारात उभं केलं नाही.

पण खरी अडचण वाऱ्याची. हॉलमध्ये वारा नसतो, म्हणून सगळ्यांचे फोरहँड सुरेख जातात आणि आपण सुधारलो असं वाटतं. मग पावसाळ्यातल्या पश्चिमेच्या वाऱ्यात उभं राहा. समोरून वारा आला की १७५ ग्रॅमची डिस्क वर उचलली जाते, पाठीमागून आला की खाली बसते. समोरच्या वाऱ्यात डिस्कची पुढची कड किंचित खाली ठेवून, खालून आणि भरपूर फिरकी देऊन टाकायचं, हे मनगटाला मैदानातच कळतं.

तरी हॉल टाकाऊ नाही. मी तो बुधवारी रात्री तासभर घेते, रविवारच्या ऐवजी नाही. जागा कमी, म्हणून आम्ही मोजणी (डिस्क हातात ठेवायला मिळणारे सेकंद) दहाऐवजी आठवर आणतो. डिस्क आली की लगेच सोडावी लागते, बचाव अंगावर असतो, आणि ज्याला हँडलर, म्हणजे डिस्क हाताळून पुढे पास देणारा, व्हायचंय त्याचा हात महिन्याभरात चलाख होतो.

रविवारी मैदानच. पावसाला घाबरू नका, विजा सुरू झाल्या की मात्र लगेच आत. ओली डिस्क दोन तळव्यांत दाबून झेला. प्रत्येकी दोन टॉवेल आणा, एक हाताला आणि एक डिस्कला. मैदान खेळण्याजोगं आहे का, ते टाचेने बघा. टाच रुतून भोवती पाणी वर आलं तर परत फिरा. गुडघे तर जातातच, पण खड्डे पडलेलं मैदान बघून शाळेचा वॉचमन पुढच्या रविवारी फाटक उघडणार नाही. त्या दिवसापुरता तासाच्या भाड्याचा टर्फ बघा. तिथे पाणी लवकर निचरतं. वर जाळी असते म्हणून उंच फेका टाळायच्या, एवढंच.

गणपतीत मैदानात मांडव पडला, तर तेवढे रविवार हॉलच घ्यावा लागेल. त्यासाठी डाग न पाडणाऱ्या सोलचे बूट आत्ताच घेऊन ठेवा. मातीतले बूट घालून गेलात तर तुमचाही हॉलवाला पहिल्याच दिवशी हाकलेल.