अकरावीतल्या मुलीला घर्षण, कार्य, ऊर्जा समजत नाही. कोणतं पुस्तक घेऊन द्यावं?

तुम्ही लिहिलंय की मुलगी नाशिकमध्येच अकरावी सायन्सला आहे, सूत्रं तोंडपाठ आहेत, तरी घर्षणाचा संबंध आला की गणित हमखास चुकतं, आणि क्लासच्या सरांनी आणखी एक जाडजूड पुस्तक घ्यायला सांगितलंय. घेऊ नका. बोर्डाचं अकरावीचं पुस्तक आणि फार तर एनसीईआरटीचं, एवढं भरपूर झालं. तिचं गाडं पुस्तकावाचून अडलेलं नाही. तिला "घर्षण म्हणजे म्यू गुणिले एन" (म्यू म्हणजे घर्षण गुणांक, एन म्हणजे पृष्ठभाग वस्तूला लंब दिशेने देतो तो रेटा) एवढंच शिकवलं गेलं असणार, आणि ते निम्म्या गणितांत चूक ठरतं.

एवढं ठामपणे लिहितोय, कारण याच एका ओळीवरून एका क्लासमधल्या सरांशी माझं वाजलं होतं आणि ते अजून मिटलेलं नाही. प्रश्न साधा होता. १० किलोचा ठोकळा आडव्या फरशीवर ठेवलाय, स्थितिक घर्षण गुणांक ०.४, ठोकळ्यावर २० न्यूटन आडवं बल लावलं, तर घर्षण बल किती? छापील उत्तर होतं ३९.२ न्यूटन. एका मुलीने २० लिहिलं आणि तिचे गुण कापले गेले. सरांचं म्हणणं, सूत्रात किमती घातल्या की उत्तर येतं, मुलांना उगाच गोंधळात टाकू नका.

बरं, घालून बघू. पुढे २० न्यूटन, मागे ३९.२ न्यूटन. बाकी उरले १९.२ न्यूटन, मागच्या दिशेने. १० किलोच्या ठोकळ्याला १.९२ मी/से² त्वरण मिळणार, आणि तेही ढकलणाऱ्याच्या अंगावर! यावर सरांकडे उत्तर नव्हतं; "परीक्षेत असंच येतं" एवढंच ते म्हणाले. मुळीच नाही. नीट काढलेल्या पेपरात हाच प्रश्न मुद्दाम विचारतात आणि पर्यायांत ३९.२ ठेवतात, ते सूत्राकडे धावणाऱ्या मुलांसाठी. त्या मुलीचं २० बरोबर होतं. तिचे गुण तिला मिळाले नाहीत, याचा मला आजही राग आहे.

स्थितिक घर्षणाला स्वतःची अशी ठरलेली किंमत नसते. वस्तू घसरू नये म्हणून जेवढं लागेल तेवढं ते येतं. ५ न्यूटन लावा, ५ येईल; ३० लावा, ३० येईल. म्यू गुणिले एन ही त्याची कमाल मर्यादा. ती ओलांडली की वस्तू सुटते, आणि तिथून पुढे गतिज घर्षण चालू होतं. त्याची किंमत मात्र खरोखर म्यू-के (गतिज गुणांक) गुणिले एन असते, आणि ती बहुधा त्या मर्यादेहून कमी असते. म्हणून जड कपाट हलेपर्यंत जीव काढतं आणि हललं की एकदम सरकतं.

हे कागदावर पटत नाही, हाताला पटतं. घरी करा. लाकडी पाट घ्या, त्यावर ५ किलो तांदळाची पिशवी ठेवा, पाटाला सुतळी बांधा आणि स्प्रिंगचा काटा लावून ओढा. डिजिटल लगेज काटा नको, बरेचसे स्थिर आकडा आला की तिथेच अडकून बसतात आणि पाहायची असते ती चढती सुई. पाट धरून एकूण वजन ६ किलो भरलं असं समजू. ओढ हळूहळू वाढवा. अर्धा किलो, एक, दीड, पाट जागचा हलत नाही. प्रत्येक क्षणी सुई जे दाखवते तेवढंच घर्षण आहे, हे तिला मोठ्याने म्हणायला लावा. समजा २ किलोला पाट सुटला आणि सावकाश एकसारखा ओढताना सुई १.६ वर राहिली. मग स्थितिक गुणांक २ भागिले ६, म्हणजे ०.३३, गतिज ०.२७. दोन्हीकडे ९.८ येतो आणि कटतो, म्हणून किलोचा काटाही चालतो.

यात तीन ठिकाणी घोळ होतो. पहिला, सुतळी तिरकी जाते. ती ३० अंश वर गेली आणि काटा २ किलो दाखवत असला तर त्यातला १ किलोभार पाट उचलण्यात जातो, एन ६ चा ५ होतो आणि आडवा खेच २ ऐवजी १.७३ राहतो. दुसरा, काटा उभा धरून शून्यावर आणलेला असतो. आडवा केला की हुकाचं वजन स्प्रिंगवरून जातं आणि सुई शून्याच्या मागे सरकते, म्हणून आडवा धरूनच शून्य बघा. तिसरा, धक्का. झटक्याने ओढलं की सुई उडते आणि मुलं तोच आकडा लिहून घेतात. शिवाय दरवेळी फरशीच्या त्याच पट्ट्यावर ओढा. शहाबादी आणि मार्बलचे आकडे वेगळे येतील, ओल्या फडक्याने पुसल्यावर तर आणखी वेगळे.

काटा नसेल तर फळी तिरकी करा. वस्तू सुटते त्या कोनाचा टॅन म्हणजे स्थितिक गुणांक. इथेही एक नेहमीची चूक: १०० सेंटिमीटरची फळी ३५ सेंटिमीटर उचलल्यावर वस्तू सुटली तर मुलं ०.३५ लिहितात. तो साइन झाला. पाया ९३.७ सेंटिमीटर येतो, टॅन ०.३७.

आता दिशा. "घर्षण गतीच्या विरुद्ध असतं" हे दुसरं अर्धवट वाक्य. घर्षण दोन पृष्ठभागांच्या एकमेकांवरच्या घसरण्याला विरोध करतं, गतीला नाही. पिंपळगाव बसवंतहून टोमॅटोचा ट्रक निघतो तो डोळ्यांसमोर आणा. २० किलोचा एक क्रेट हौद्यात नुसता ठेवलाय, बांधलेला नाही. ट्रकने १.५ मी/से² त्वरण घेतलं. क्रेटला पुढे कोण ढकलतं? मागे फळी नाही, दोरी नाही. फक्त हौद्याचं घर्षण, ३० न्यूटन, पुढच्या दिशेने, गतीच्याच दिशेने. गुणांक ०.४ धरला तर मर्यादा ७८.४ न्यूटन, म्हणजे क्रेट आरामात टिकतो. ट्रक २० मीटर गेला की या घर्षणाने क्रेटवर ३० × २० = ६०० ज्यूल कार्य केलं, आणि ते धन आहे. ताळा करा: वेगाचा वर्ग २ × १.५ × २० = ६०, गतिज ऊर्जा अर्धा × २० × ६० = ६००. तंतोतंत.

"घर्षणाचं कार्य नेहमी ऋण" असं वहीत लिहून घेणाऱ्या मुलाला हे गणित सुटणारच नाही.

आणि हे ६०० ज्यूल घर्षणाने स्वतःच्या खिशातून दिलेले नाहीत. क्रेट हौद्याला मागे ३० न्यूटनने ढकलतोय, हौदाही २० मीटर गेलाय, म्हणजे ट्रकवर उणे ६००. बेरीज शून्य. स्थितिक घर्षण ऊर्जा इकडून तिकडे पोचवतं, उष्णता करत नाही, कारण घसरलेलं काहीच नाही. पैसे डिझेलचे.

उष्णता कधी होते ते पाहायला त्याच ट्रकला ब्रेक लावा. वेग ६ मी/से, मंदन ६ मी/से². क्रेट न घसरता सोसू शकतो फक्त ०.४ × ९.८ = ३.९२. म्हणजे तो पुढे घसरणार. गतिज गुणांक ०.३ धरा: घर्षण ५८.८ न्यूटन, क्रेटचं मंदन २.९४. ट्रक ३ मीटरमध्ये थांबतो, क्रेट जमिनीच्या हिशेबाने ६.१२ मीटर जाऊन. हौद्यावर तो घसरला ३.१२ मीटर. क्रेटकडे ३६० ज्यूल होते ते सगळे गेले. पण सगळ्यांची उष्णता झाली नाही. ट्रक थांबेपर्यंत त्याच घर्षणाने ट्रकला पुढे रेटलं, ५८.८ × ३ = १७६ ज्यूल, ते ट्रकच्या ब्रेकने खाल्ले. हौदा आणि क्रेट यांच्यामध्ये उष्णता झाली ५८.८ × ३.१२, म्हणजे सुमारे १८४ ज्यूल. उष्णतेसाठी घर्षणाला गुणायचं ते घसरलेल्या अंतराने, रस्त्यावर कापलेल्या अंतराने नाही. बारावी झालेल्या पुष्कळ मुलांनाही हा फरक सांगता येत नाही, कारण वर्गातला ठोकळा नेहमी स्थिर जमिनीवर घसरतो आणि तिथे दोन्ही अंतरं एकच असतात.

नाशिकच्या मुलांना घर्षण शिकवायला कसारा घाटासारखी जागा नाही, आणि तिचं नाव कुणी वर्गात काढत नाही. मुंबईहून येणाऱ्या बहुतेक गाड्या कसाऱ्याला थांबतात, मागे बँकर (गाडी मागून रेटणारी जादा) इंजिनं लागतात आणि इगतपुरीला सुटतात. मुलांना विचारा का, तर म्हणतात चढ आहे, ताकद कमी पडते. अर्धं उत्तर. चढ ३७ ला १ आहे, ३७ मीटर गेलं की १ मीटर वर. म्हणजे दर टनामागे उताराच्या दिशेने १००० × ९.८ ÷ ३७, सुमारे २६५ न्यूटन ओढ. १२० टनांचं एक इंजिन घ्या, कोरड्या रुळावर पकडीचा गुणांक ०.२५ धरा. चाकं न घसरता ते जास्तीत जास्त २.९४ लाख न्यूटन ओढू शकतं. भागाकार करा: साधारण ११०० टन, तेही इंजिनाचं स्वतःचं वजन धरून आणि बाकीचे सगळे रोध शून्य मानून. पावसात रूळ ओले होऊन गुणांक ०.१५ वर आला तर ६६६ टन. मोटरची ताकद दुप्पट केली तरी हा आकडा हलत नाही, चाक नुसतं जागच्या जागी फिरेल. म्हणून चालकाकडे चाकापुढे वाळू सोडायची सोय असते. आणि म्हणून आणखी इंजिन लावतात: चालत्या चाकांवर आणखी वजन, म्हणजे आणखी एन. मागून रेटा असल्याने डब्यांमधल्या जोडण्यांवरचा ताणही कमी होतो.

इथे कार्याचा प्रश्न विचारा. गाडीला पुढे नेणारं बाहेरचं बल रुळाचं घर्षणच आहे. मग गाडी चढवण्याचं कार्य घर्षणाने केलं का? नाही. चाक न घसरता फिरतं तेव्हा रुळाला टेकलेला बिंदू त्या क्षणी स्थिर असतो. विस्थापन नाही, कार्य नाही. ऊर्जा वरच्या २५ हजार व्होल्टच्या तारेतून मोटरला आली. बल कुठून आलं आणि ऊर्जा कुठून आली हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि मुलीने प्रत्येक गणितात ते वेगवेगळे विचारावेत. चालणारा माणूस, सुटणारी स्कूटर, सगळीकडे हेच.

घाट उतरताना उलट. स्कूटर आणि दोन माणसं मिळून २५० किलो, उंचीत ३०० मीटर खाली उतरले: ७.३५ लाख ज्यूल. एकसारख्या वेगाने उतरलात तर यातलं गतिज ऊर्जेत काहीच जमा होत नाही. हवेचा रोध आणि इंजिन जेवढं घेतील ते सोडून बाकी सगळं ब्रेकमध्ये जातं. एवढ्या ऊर्जेत दोन लिटरहून जास्त पाणी उकळीला येईल. घाटात खालच्या गिअरमध्ये उतरा असं सांगतात ते म्हणूनच.

मुलीला सवय लावायची ती एवढीच: आधी बलांची आकृती, मग एन वेगळं काढणं (ते दरवेळी एमजी, म्हणजे वस्तूचं वजन, नसतं), मग "घसरत नाही" असं धरून किती घर्षण लागेल ते काढणं, आणि शेवटी ते मर्यादेशी ताडून बघणं. मर्यादेच्या आत असेल तर तेच उत्तर. बाहेर गेलं तर म्यू-के लावायचा आणि त्वरण नव्याने काढायचं. क्लासमध्ये ही पायरी गाळतात, कारण तिला फळ्यावर दोन मिनिटं जास्त लागतात.

काही गोष्टी वर मी सरळ करून लिहिल्या, त्या सांगायला हव्यात. गुणांक हा पदार्थाचा पक्का गुणधर्म नाही. धूळ, ओल, वेग यांनी तो बदलतो, म्हणून माझे ०.४ आणि ०.३ गणितापुरते समजा. संपर्क क्षेत्रफळावर घर्षण अवलंबून नसतं हा फ्रेंच शास्त्रज्ञ आमोंतों यांचा १६९९ चा नियम लाकूड-धातूला बरा लागू पडतो, रबरी टायरला नाही. ओढणारं चाकही खरं तर रुळावर किंचित घसरत असतं, त्यात थोडी ऊर्जा जाते. आणि "खडबडीतपणामुळे घर्षण" हे नववीपर्यंत ठीक. अतिशय स्वच्छ, गुळगुळीत धातू निर्वातात एकमेकांना घट्ट चिकटतात.

पुस्तकाच्या दुकानात जाण्याआधी तिला हे द्या: ३७ अंशांच्या उतारावर ५ किलोचा ठोकळा, स्थितिक गुणांक ०.८, साइन ०.६ आणि कोसाइन ०.८ धर, घर्षण किती? ३१.४ न्यूटन म्हणाली तर पाट-तांदूळ काढा. २९.४ म्हणाली आणि दिशा उताराच्या वरच्या बाजूला दाखवली, तर थेट ट्रकच्या ब्रेकचं गणित सोडवायला बसवा.