ठेव मोडू नका, इंजेक्शनही थांबवू नका

प्रश्न : उजव्या डोळ्याच्या पडद्याला ओल्या प्रकारचं मॅक्युलर डिजनरेशन (पडद्याच्या मधल्या भागाची झीज) निघालं, डाव्यात कोरडं आहे. प्रत्येकी 48,000 रुपयांची तीन इंजेक्शनं झाली, नजर होती तेवढीच आहे. 16,000 आणि 6,000 चीही होती, पण मुलगा म्हणाला भारीतलंच घे. पेन्शन 38,000, घरखर्च 24,000. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत जून 2023 पासून 15 लाख आहेत, व्याज बचत खात्यात पडून असतं. नातीसाठी 6 लाखांची एफडी आहे. योजनेतले पैसे काढून इंजेक्शनं चालू ठेवू, की थांबून नातीचं बघू? 5 लाखांची मेडिक्लेम आठ वर्षं भरतेय, पण 24 तास भरती नाही म्हणून मिळणार नाही, असं एजंट म्हणतो. (निवृत्त शिक्षिका, वय 72, सांगली)

बाई, नमस्कार.

‘होती तेवढीच आहे’ हे तुम्ही तक्रारीसारखं लिहिलंय. या आजारात नजर टिकली म्हणजे औषध लागू पडतंय, असंच बहुतेक वेळा धरतात. पडद्याखाली नको तिथे नव्या नाजूक रक्तवाहिन्या वाढतात आणि झिरपत राहतात. इंजेक्शन ते झिरपणं रोखतं. असर ओसरला की पुन्हा सुरू होऊ शकतं. किती इंजेक्शनं लागतील हे डॉक्टर छातीठोकपणे सांगत नाहीत ते यामुळेच. दर वेळी ओसीटी स्कॅन (पडद्याचे थर दाखवणारी तपासणी) बघून ते पुढचं अंतर ठरवतात.

माझ्या आत्याने चार इंजेक्शनांनंतर ‘आता बरंय’ म्हणून थांबवलं होतं. वर्षभरात तिला समोरच्या माणसाचे कान दिसायचे, चेहरा दिसायचा नाही. तांदूळ निवडायला बसली की ताट एका बाजूला सरकवून, मान वळवून कडेने बघायची. वाचवलेले पैसे बँकेत जसेच्या तसे होते. म्हणून सांगते, पैशांसाठी थांबू नका.

पण योजनेलाही हात लावू नका. मोतीबिंदूसारखा हा एकदाच होणारा खर्च नाही. दुधाच्या बिलासारखा तो चालूच राहणार, आणि चालू खर्च मुद्दलातून भागवायला लागलं की मुद्दल बघता बघता संपतं. खातं आता बंद केलंत तर 1 टक्का, म्हणजे 15,000 कापले जातील आणि 8.2 टक्क्यांचं व्याजही जाईल. ते व्याज दर तिमाहीला 30,750, वर्षाला 1,23,000 होतं. पेन्शनमधून वर्षाला 1,68,000 उरतात. म्हणजे मुद्दलाला धक्का न लावता तुमच्या हातात वर्षाला 2,91,000 आहेत.

आता 48,000 ची सहा इंजेक्शनं धरली तर 2,88,000 झाले. सगळी शिल्लक तिथेच संपली. स्कॅन, रिक्षा, सोबत येणाऱ्याचा दिवस वेगळाच. आणि उद्या डाव्या डोळ्यातही पाणी झिरपायला लागलं तर? 16,000 च्या औषधाची आठ धरली तरी 1,28,000 होतात, म्हणजे जवळपास व्याजातच भागतं. 6,000 च्या औषधाची आठ 48,000 त होतील. ते बहुधा बेव्हासिझुमॅब असेल. मूळ औषध कर्करोगाचं, डोळ्यासाठी त्याचे छोटे डोस काढतात. 2011 साली अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत वर्षभराने त्याचा आणि रॅनिबिझुमॅब या खास डोळ्यासाठीच्या औषधाचा नजरेवरचा परिणाम सारखाच दिसला होता. मात्र डोस निर्जंतुक पद्धतीने भरणारं ठिकाणच हवं. कोणतं औषध, हे डॉक्टरांनीच ठरवायचं; महाग औषधात अंतर जास्त ठेवता येतं, असंही ते सांगतील. तुम्ही एवढंच विचारा : ‘पाच वर्षं न चुकता घेता येईल असं माझ्या डोळ्याला कोणतं चालेल?’ मुलाची माया मला कळते, पण भारीतलं औषध पैशांपायी दीड वर्षात सोडावं लागलं, तर झालेला खर्चही वाया जाईल.

मेडिक्लेमबद्दल एजंटने तुम्हाला चुकीचं सांगितलं, याचा मला खरंच राग आला. डोळ्यातली इंजेक्शनं विमा नियामकाच्या आधुनिक उपचारांच्या यादीत आहेत. 1 ऑक्टोबर 2020 पासून, 24 तास भरती नसली तरी, कंपनीला ती सरसकट वगळता येत नाहीत. मर्यादा घालता येते. पॉलिसीत ‘मॉडर्न ट्रीटमेंट’ या मथळ्याखाली ती मर्यादा शोधा आणि पुढच्या इंजेक्शनाआधी कंपनीला लेखी विचारा. झालेल्या तिन्हींची बिलं, स्कॅन, डिस्चार्ज कागद उशीर झाला तरी कारण लिहून पाठवा. नकार आला तर तो लेखी घ्या, कंपनीच्या तक्रार विभागाकडे जा, तिथेही न्याय नाही मिळाला तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे. तिथे फी नाही, वकील लागत नाही.

नातीची एफडी तशीच राहू दे. क्लेम आला तर ते पैसे वेगळ्या खात्यात ठेवा, डाव्या डोळ्याच्या नावाने. रोज सकाळी चष्मा लावून, एकेक डोळा झाकून भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटी बघा. रेघ वाकडी दिसली किंवा मधला चौकोन पुसट झाला, तर तारखेची वाट न बघता दवाखाना गाठा.

आणखी एक, सही नीट जमतेय तोवर बचत खात्यात मुलाचं किंवा मुलीचं नाव जोडा, दोघांपैकी कोणालाही व्यवहार करता येईल असं. नॉमिनी तपासा, मृत्युपत्र करा. ओटीपी मात्र वाचता येत नाही म्हणून शेजाऱ्यापाजाऱ्याला वाचायला देऊ नका.

चौथ्या इंजेक्शनाची तारीख तुम्ही लिहिलेली नाही. नसेल घेतली, तर उद्याच फोन करा. त्याचे पैसे बचत खात्यात साठलेल्या व्याजातून द्या.