‘वर्ज्य मध्य’ यातला मध्य कुठला?

प्रश्न असा आलाय की गणिताच्या तत्त्वज्ञानावरच्या एका लेखात ‘वर्ज्य मध्याचा नियम’ (कुठलंही विधान घ्या, एकतर ते खरं किंवा त्याचा नकार खरा) वाचला, तर हा मध्य म्हणजे खरं आणि खोटं याच्या अधलंमधलं काही का, आणि गणितज्ञ ब्राउवरने नियम नाकारला म्हणजे तो असलं अधलंमधलं मानायचा का?

दोन्हीचं उत्तर नाही. मध्य म्हणजे इथे तिसरा पर्याय. लॅटिनमध्ये याला टर्शियम नॉन डाटुर म्हणतात, म्हणजे तिसरं काही नाही. आपल्याकडे न्यायदर्शनातल्या उदयनाचार्यांचं ‘परस्परविरोधे हि न प्रकारान्तरस्थितिः’ (दोन गोष्टी एकमेकींविरुद्ध असतील तर तिसरा प्रकार उरत नाही) आहे आणि मला तर ‘प्रकारांतर’ हाच शब्द जास्त पटतो, कारण मध्य म्हटलं की कोमट पाणी डोळ्यासमोर येतं. पण नियम गरम की थंड असं विचारतच नाही, गरम की गरम नाही एवढंच विचारतो.

आता ब्राउवर. १९०८ पासून या डच गणितज्ञाचं म्हणणं होतं की गणितात ‘आहे’ म्हणायचं तर ते घडवून दाखवा. उदाहरण बघा, अपरिमेय संख्येचा (म्हणजे √२ सारखी, दोन पूर्णांकांच्या भागाकारात न मांडता येणारी) अपरिमेय घात परिमेय येतो का? √२ चा √२ वा घात घ्या, तो परिमेय असेल तर काम झालं, नसेल तर त्यालाच परत √२ वा घात द्या, घातांकांचा गुणाकार २, उत्तर २. सिद्ध झालं! पण दोनातली जोडी कुठली ते कळलंच नाही, सगळा भार ‘असेल किंवा नसेल’वर. याउलट √२ ला २ पायाच्या लॉग ९ चा घात दिला की थेट ३ येतात, जोडी हातात. जर्मन गणितज्ञ हिल्बर्टला मात्र हा नियम काढून घेणं म्हणजे बॉक्सरला मुठी वापरू न देणं वाटायचं.

आणि ब्राउवरच्या तर्कातही ‘अमुक विधान खरंही नाही आणि खोटंही नाही’ असं म्हणता येत नाही, लगेच विसंगती येते. फक्त ‘नाही असं नाही’वरून ‘आहे’वर उडी मारता येत नाही. मराठी माणसाला हे समजावं लागू नये, आई विचारते भाजी आवडली नाही का, आपण म्हणतो ‘आवडली नाही असं नाही गं’, आणि ‘आवडली’ हा शब्द अजून आलेला नाही हे तिला बरोब्बर कळतं.

म्हणून लेखात ‘नियम नाकारला’ऐवजी ‘नियम सरसकट गृहीत धरला नाही’ असं हवं होतं. एक-एक करून तपासून संपवता येतील अशा मोजक्या गोष्टींपुरता तो ब्राउवरलाही मान्यच होता.