‘जाणे’ एकच, मग फ्रेंचमध्ये तीन धातू कुठून आले?

तुमचा प्रश्न असा: फ्रेंचमध्ये ‘मी जातो’ला ‘ज व्हे’, ‘आम्ही जातो’ला ‘नु-झालाँ’ आणि ‘मी जाईन’ला ‘जिरे’. एकाच क्रियापदाची रूपं एकमेकांना ओळखही दाखवत नाहीत, ती पाठ कशी करायची?

मुळात ती एका क्रियापदाची नाहीतच. फ्रेंच ही लॅटिनची लेक, आणि लॅटिनमध्ये ‘जाणे’ म्हणजे ‘इरे’. त्याचा वर्तमानकाळ: एओ, ईस, इत, ईमुस, ईतिस, एउन्त. शाळेत संस्कृत घेतलं असेल तर ‘एति, इमः, यन्ति’ शेजारी लिहून पाहा. ‘ईमुस’ आणि ‘इमः’ सख्खी भावंडं आहेत.

गोम अशी, की यातली बरीच रूपं फार तोकडी. एकाला ‘जा’ सांगायचं तर नुसतं ‘ई’! बाजाराच्या गोंगाटात ते कुणाला ऐकू जाणार? मग त्या जागी ‘वादेरे’ हे दुसरं क्रियापद घुसलं. जेरोमच्या लॅटिन बायबलमध्ये ही घुसखोरी रंगेहाथ सापडते: एकाला ‘वादे’, पण अनेकांना ‘इते’. दोन अक्षरांचं म्हणून ‘इते’ तगलं. (वसईकर ख्रिस्ती चर्चमधल्या उपासनेला ‘मिस्सा’ म्हणतात, तो शब्द ‘इते, मिस्सा एस्त’ या उपासनेच्या शेवटच्या वाक्यातला.)

तर ‘व्हे’ हे ‘वादेरे’चं. ‘आलाँ’ बहुतेकांच्या मते ‘अंबुलारे’, म्हणजे चालणे, यातून आलं. तो वाद अजून मिटलेला नाही. आणि ‘जिरे’मध्ये जुनं ‘इरे’ शाबूत आहे: ‘इरे हाबेओ’, म्हणजे जवळपास आपलं ‘मला जायचं आहे’. त्याचाच पुढे भविष्यकाळ झाला.

स्पॅनिश तर आणखी वात्रट. मूळ रूप ‘इर’, वर्तमानात ‘बोय’ (पुन्हा ‘वादेरे’), आणि भूतकाळ ‘फुई’ चक्क ‘असणे’कडून उचललेला. ‘मी गेलो’ आणि ‘मी होतो’ दोन्हींना ‘फुई’च; संदर्भावरून ओळखायचं. ‘इबा’ (जात असे) मात्र थेट लॅटिन ‘ईबाम’चं.

नाकं मुरडण्याआधी मराठीकडेही बघा. ‘जातो’ संस्कृत ‘या’ धातूचं, ‘गेलो’ ‘गम्’चं, ‘गत’मधून आलेलं. आपल्याला कधी खटकलं का?

‘इत’ हे रूप तर तुम्ही रोज वाचता. थिएटरातल्या दारावरची ‘एक्झिट’: एक्स अधिक इत, ‘तो बाहेर जातो’. जुन्या इंग्रजी नाटकांच्या संहितेत एकच पात्र निघालं की ही सूचना, आणि एकाहून जास्त निघाली की ‘एक्सेउन्त’.